तीन मिक्सर, एक बोर्ड आणि सोळा अँपिअर

आमच्या मराठी विभागाच्या संपादकांनी मला गाठून सांगितलं, "काहीतरी टेक्निकल लिही, पण झोप येईल असं नको." आता माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठीच्या पेपरात निबंधाला कायम काठावर मार्क. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि गोष्ट ऐका. गोष्ट खरी आहे, आणि त्यात चूक माझीच आहे.

यंदा मे महिन्यात माझ्या ताईचं लग्न झालं. दोन आठवडे आधी तिच्या ऑफिसमधल्या मैत्रिणींनी तिच्यासाठी 'किचन शॉवर' ठरवला. आजीनं विचारलं, "स्वयंपाकघरात शॉवर कशाला लावतायत?"

तर ही पद्धत मूळची अमेरिकेतली. लग्नाआधी मैत्रिणी जमतात आणि नवरीवर भेटींचा वर्षाव करतात, म्हणून शॉवर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी ही चाल तिकडे रूढ झाली. त्यातला किचन शॉवर म्हणजे प्रत्येकीनं स्वयंपाकघरात लागणारी एक वस्तू आणायची आणि सोबत आपली एखादी पाककृती कार्डावर लिहून द्यायची. ऑस्ट्रेलियात यालाच 'किचन टी' म्हणतात. एवढं सगळं मी आजीला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे केळवण आणि रुखवत एकत्र! त्यात नवीन काय?"

मुद्दा बरोबर होता. केळवणाला नातेवाईक जेवायला बोलावतात, हातात भेट देतात. रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी संसाराची भांडी मांडतात. आमच्या घरात अजून आजीच्या लग्नातले डबे आहेत. प्रत्येक डब्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली. फरक एवढाच की पातेल्याला व्होल्टेज लागत नाही. ते कुठेही ठेवा, कितीही वापरा, ते काही तक्रार करत नाही. आजकालच्या भेटींचं तसं नाही. पण हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

त्या दिवशी काय झालं

कार्यक्रम आत्याच्या फ्लॅटवर होता. पंधरा-सोळा मुली, शिवाय आई, आजी, काकू. भेटी उघडल्या तर निघाले तीन मिक्सर, दोन इलेक्ट्रिक केटल, एक इंडक्शन शेगडी, एक ओटीजी आणि ऑफिसनं वर्गणी काढून दिलेला मायक्रोवेव्ह. मग कोणीतरी टूम काढली की नवीन वस्तूंवरच काहीतरी करून नवरीला खायला घालायचं. जागा हॉलमध्ये, जाड प्लगचा पॉइंट मात्र स्वयंपाकघरात. आत्या म्हणाली, "अगं, तू इलेक्ट्रिकलला ना? बघ जरा."

मी बघितलं! एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतला, त्याची वायर स्वयंपाकघरातल्या मोठ्या पॉइंटला लावली आणि बोर्ड हॉलमध्ये गादीवर आणून ठेवला. इंडक्शनचा जाड पिनांचा प्लग बोर्डात जाईना, तर कन्व्हर्जन प्लग लावून तोही बसवला. शेजारी केटल. एकीकडे उपमा, एकीकडे चहाचं पाणी, नंतर पुन्हा पाणी. सगळ्या खूश, मी पण खूश.

दहा-पंधरा मिनिटांनी आजी म्हणाली, "काहीतरी करपतंय." सगळ्यांनी उपम्याकडे पाहिलं. उपमा तर छान होता. मग आईनं धावत जाऊन मेन स्विच बंद केला. बोर्ड उचलला तर त्याचा एक कोपरा मऊ पडला होता आणि खालच्या चादरीवर तांबूस डाग. त्या डागापासून हातभर अंतरावर काकूची चार वर्षांची नात भातुकली मांडून बसली होती.

मी आधी एमसीबी बघायला गेले. तो पडलाच नव्हता! आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर "एमसीबी खराब दिसतोय." रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन बसले. दुसरी-तिसरीतल्या मुलालाही जमेल असा भागाकार होता.

भागाकार

इंडक्शन १८०० वॅट, केटल १५०० वॅट. मिळून ३३००. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. ३३०० भागिले २३० म्हणजे साधारण १४.३ अँपिअर.

आता बोर्ड कितीचा? मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ६ अँपिअर. आणि एमसीबी? १६ अँपिअर.

म्हणजे एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं. १४.३ हे १६ पेक्षा कमीच. खरं तर घरगुती एमसीबीचं मानकच असं आहे की १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तासभर गप्प बसला तरी तो नियमातच असतो. तो बसवलाय भिंतीतल्या वायरींना सांभाळायला. तुमच्या बोर्डाची त्याला काय कल्पना! बोर्डातून मात्र झेपेल त्याच्या जवळजवळ २.४ पट करंट जात होता. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते (आय-स्क्वेअर-आर, पहिल्या सेमिस्टरचा धडा), म्हणजे सुमारे ५.७ पट. आणि कन्व्हर्जन प्लग, बोर्डातल्या सैल पट्ट्या, जिथे जिथे टेकण ढिली असते तिथे रेझिस्टन्स जास्त. म्हणून कोपराच वितळला.

जाड पिनांचा प्लग बारीक सॉकेटमध्ये जात नाही, तो मुद्दाम. ६ चे आणि १६ चे सॉकेट (जुनी माणसं ५ आणि १५ म्हणतात) वेगळ्या मापाचे केलेत ते आपण चूक करू नये म्हणून. कन्व्हर्जन प्लग लावून मी ती अडवणूकच काढून टाकली. शिकलेल्या माणसाची चूक असते ती अशी!

होस्टेलच्या मित्रमैत्रिणींनो, हसू नका. आपल्या खोलीत एका बोर्डावर केटल, इस्त्री, लॅपटॉप आणि शेजारच्या खोलीतून आलेली आणखी एक वायर असते. रेक्टर ओरडतात तेव्हा आपण म्हणतो, "फ्यूज उडत नाही ना, मग काय प्रॉब्लेम?" प्रॉब्लेम हाच, की तो उडत नाही.

पाठीवर लिहिलेलं वाचा

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या सगळ्या वस्तू उलट्या करून बघितल्या. प्रत्येकीच्या पाठीवर किंवा तळाला एक पट्टी असते, रेटिंग प्लेट. आजीच्या डब्यांवर नाव कोरलेलं असतं तशी. त्यावर व्होल्ट, वॅट आणि कधी कधी किती वेळ सलग चालवायचं तेही असतं. ती वाचली आणि आत काय चाललंय ते थोडं समजलं, की वस्तू टिकतात. नाहीतर सहा महिन्यांत माळ्यावर जातात.

*मिक्सर.* याच्यात युनिव्हर्सल मोटर असते, मोकळी फिरताना मिनिटाला १८-२० हजार फेरे घेणारी. मोटर फिरत असते तेव्हा तीच उलटं व्होल्टेज (बॅक ई.एम.एफ.) तयार करते आणि करंटला आवर घालते. भांडं गच्च भरलं, पातं अडकलं, की फेरे कमी, बॅक ई.एम.एफ. कमी, करंट जास्त आणि वळशे तापले. म्हणून भांडं अर्धंच भरायचं, सुरुवात कमी स्पीडला करायची, थांबून थांबून फिरवायचं. वाटण गरम असेल तर निवू द्यायचं, नाहीतर आतली वाफ झाकण उडवते. आणि मिक्सर एकदम बंद पडला तर लगेच दुरुस्तीवाल्याकडे नको. तळाला बहुधा लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. प्लग काढायचा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचा, बटण आत दाबायचं.

आपल्या मिक्सरचा इतिहासही मजेदार आहे. परदेशी मिक्सर फळांचे रस काढायला ठीक, पण भिजवलेली डाळ आणि ओलं खोबरं बघून दम टाकायचे. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरनं घरच्याच गरजेतून आपल्या वाटणाला पुरेल अशा दमदार मोटरचा मिक्सर बनवला. तोच पुढे 'सुमीत'. आमच्या आजीकडे अजून एक सुमीत आहे आणि ती त्याला बोलते, "दमलास का? बस जरा." ड्यूटी सायकल हा शब्द तिनं कधी ऐकलेला नाही, पण पाळते मात्र बरोबर.

*कुकर.* हा विजेवर नाही, पण रुखवतात असतोच. १६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये पहिला दाखवला आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानंच लावला. आपल्याकडे १९५९ पासून कुकरच्या कंपन्या सुरू झाल्या. शिट्टीचं वजन आतला दाब साधारण १ बारनं वाढू देतं, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. शिट्टी झाल्यावर आंच मोठी ठेवून डाळ आणखी लवकर शिजत नाही, कारण तापमान वजनानं ठरतं, आंचेनं नाही. नुसती वाफ आणि गॅस वाया. डाळ-भात अर्ध्याच्या वर भरायचा नाही, आणि शिट्टीची नळी रोज उजेडाकडे धरून बघायची. ती चोंदली तर शेवटचा आधार सेफ्टी प्लगचा असतो.

*मायक्रोवेव्ह आणि ओटीजी.* यात सगळ्यांचा गोंधळ होतो. १९४५ मध्ये अमेरिकेत रेडारवर काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट विरघळलं, तिथून मायक्रोवेव्हची सुरुवात झाली. त्याच्या लहरी पदार्थातल्या पाण्याला हलवतात. पाणी असेपर्यंत पदार्थ १०० अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून त्यात पोळी मऊ होते, खरपूस होत नाही. खरपूस हवं तर ओटीजी, तिथे तापलेल्या कॉइलची उष्णता. मायक्रोवेव्हमध्ये साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर गरम ठिपके पडतात, म्हणून ताटली फिरते. तरीही मधे एकदा ढवळावं. चहाचं पाणी मात्र केटलमध्येच. एक लिटरला केटल साधारण ०.१ युनिट घेते, मायक्रोवेव्ह त्याच्या दीडपट.

*इंडक्शन.* शेगडी स्वतः तापत नाही. काचेखालची कॉइल सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि भांड्याच्या बुडात एडी करंट फिरून भांडंच तापतं. म्हणून बुडाला चुंबक चिकटलं पाहिजे. फ्रिजवरचं चुंबक घेऊन रुखवतातली भांडी तपासली तर ताईच्या नऊपैकी चारच चालणारी निघाली. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर बसतच नाही.

भेट देताना

अमेरिकेत भेटींचा गोंधळ टाळायला १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स दुकानानं नवरीच्या आवडीची यादी ठेवायची सोय सुरू केली. आपल्याकडे विचारणं म्हणजे आगाऊपणा वाटतो. पण विचारावंच. त्यांच्या घरी मोठा पॉइंट किती? अर्थिंग आहे ना? मुलगी परदेशी जाणार का? कारण अमेरिकेत १२० व्होल्ट असतात. आपली १५०० वॅटची केटल तिथे जेमतेम ४०० वॅटची होते, चहा होईपर्यंत संध्याकाळ. आणि तिकडची वस्तू इथे सरळ लावली तर जळते. चौघींनी मिळून एकच चांगली वस्तू द्यावी, किंवा खुशाल आजीसारखा नाव कोरलेला डबा द्यावा. तो कधी ट्रिप होत नाही.

आमच्या घरात पुढे काय झालं ते सांगते. दोन मिक्सर नात्यातल्या पुढच्या लग्नांसाठी ठेवले नाहीत (तो मोह सगळ्यांनाच झाला होता), एक कामवाल्या मावशींच्या मुलीला दिला आणि एक आत्यानं घेतला. माझी भेट शेवटची होती. ताईच्या भाड्याच्या फ्लॅटवर जाऊन मी सगळे पॉइंट बघितले, इलेक्ट्रिशिअनला बोलावून ओट्याजवळ १६ चा एक वेगळा पॉइंट काढून घेतला. मग प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून लिहिलं, किती वॅट, कुठल्या पॉइंटला आणि कोणाबरोबर लावायचं नाही. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला तिचा फोन आला. मिक्सर बंद पडला होता, पाहुणे यायचे होते, आवाज रडवेला. मी म्हटलं, "प्लग काढ आणि पंधरा मिनिटं थांब." पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. "आता उलटा कर. लाल बटण दिसतंय?"

"दिसतंय."

"दाब."

फोनमधून आधी मिक्सरचा आवाज आला, मग तिचा. आजी शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "फी वसूल झाली हो!"

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी