फूड वेस्टला बुरशी लावायची आणि तेच खायचं? ओंचोममागचं सायन्स समजून घेऊया

टोफू किंवा सोया मिल्क बनवताना सोयाबीन भिजवून, वाटून गाळतात. दूध पुढे जातं, फडक्यात चोथा उरतो. त्याला 'ओकारा' म्हणतात. ओला असल्यामुळे तो लगेच आंबतो. मग तो जनावरांपुढे जातो, नाहीतर फेकला जातो.

खरं तर त्यात प्रोटीन असतं. पण त्याचा बराच भाग म्हणजे पेशींच्या भिंती, सेल्युलोज आणि पेक्टिन. ते फोडणारे एन्झाइम आपल्या शरीरात तयार होत नाहीत. थोडक्यात, फाइल आहे पण पासवर्ड नाही.

पासवर्ड कोणाकडे आहे?

बुरशीकडे! इंडोनेशियात, जावा बेटाच्या पश्चिम भागात, याच चोथ्यापासून 'ओंचोम' बनवतात. चोथा वाफवून थंड करतात, त्याच्या वड्या थापतात आणि त्यावर आधीच्या ओंचोमची केशरी बुरशी लावतात. तिचं नाव न्यूरोस्पोरा इंटरमीडिया. साधारण ३६ तासांत वडी तयार.

या वेळात बुरशीचे बारीक तंतू चोथ्यात शिरतात आणि एन्झाइम बाहेर सोडतात. भिंती फुटतात, त्यातून मिळालेल्या साखरेवर बुरशी वाढते. तंतूंच्या जाळ्यामुळे भुसभुशीत चोथ्याची घट्ट वडी बनते. चवही बदलते. मग ती तळा, नाहीतर भाजीत टाका.

२०२४ मध्ये काय कळलं?

आधी शेफ असलेले संशोधक वायू हिल-मैनी आणि त्यांच्या टीमने ओंचोमचा अभ्यास 'नेचर मायक्रोबायॉलॉजी'मध्ये मांडला. ओंचोममधली बुरशी तिच्या जंगली भावंडांपेक्षा जनुकीय पातळीवर वेगळी निघाली. म्हणजे माणसाच्या उरलेल्या मालावर राहून ती त्याला सरावली असावी. उसाचं चिपाड, टोमॅटोचा चोथा, केळीची साल अशा सुमारे ३० प्रकारच्या वेस्टवर ती वाढली, आणि विषारी द्रव्यं काही सापडली नाहीत.

ऊस, केळी, टोमॅटो, सोयाबीन... ही यादी आपल्या ओळखीची आहे ना? म्हणून हा विषय महाराष्ट्रासाठीही कामाचा आहे. अर्थात, चिपाडावर बुरशी वाढली म्हणजे चिपाड लगेच ताटात आलं, असं नाही.

मग घरी ट्राय करू का?

थांबा! जावामध्येच खोबऱ्याच्या पेंडीपासून 'तेंपे बोंगक्रेक' बनवायचे. कधीकधी त्यात बुरशीऐवजी एक बॅक्टेरिया वाढायचा आणि बोंगक्रेकिक ॲसिड नावाचं विष तयार करायचा. शिजवूनही ते नष्ट होत नाही. लोक दगावले, शेवटी १९८८ मध्ये त्यावर बंदी आली.

शेंगदाण्याच्या पेंडीतही धोका आहे. ती दमट जागी ठेवली तर ॲस्परजिलस बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, आणि तेही साध्या शिजवण्याने जात नाही.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

१. कच्चा माल ताजा हवा. सडलेला माल बुरशी दुरुस्त करत नाही.
२. बुरशी ओळखीची, शुद्ध कल्चरमधली हवी. शिळ्या ब्रेडवर आपोआप आलेली चालणार नाही.
३. भांडी, तापमान, वेळ यावर कंट्रोल हवा. वास किंवा रंग वेगळा वाटला तर चाखूनही बघू नका.

वेस्टची किंमत वाढवणारी असते ती योग्य बुरशी. नुसती बुरशी तर कोपऱ्यातल्या ब्रेडवरही येते!