मुळीचं वजन म्हणजे औषधाचं वजन नव्हे

कुणकेश्वरच्या वाळूतून, कातळसड्यावरून घाटाकडे निघालं की वीस-पंचवीस कोसांत माती, सावली, ओल सगळंच पालटतं. परसात लावलेली सर्पगंधा आणि घाटातल्या रानातली सर्पगंधा दिसायला सारखी. मुळीतला गुणही सारखाच, हे मात्र गृहीत धरता येत नाही. रेसर्पिन हा तिचा रक्तदाब उतरवणारा घटक बहुतांशी मुळीच्या सालीत असतो. साल खरवडून गेलेली जाड मुळी तराजूत भरते, औषधात भरत नाही. म्हणून मुळी वाळवून, दळून, अर्क काढून तो एचपीएलसी यंत्रातून सोडतात. घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि शुद्ध रेसर्पिनशी ताडून प्रमाण ठरतं. हा अर्क उजेडात ठेवला तर रेसर्पिन बिघडतं, म्हणजे मोजणाऱ्याची हयगयही आकड्यात उतरते.

यावर वैद्यांचा आक्षेप वजनदार आहे: गुण अख्ख्या मुळीचा, एका रेणूचा नव्हे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले ते मुळीवरूनच. रेसर्पिन वेगळं निघालं १९५२ मध्ये. खरं आहे. मुळीत अजमलिन, सर्पेंटिनही असतात आणि एक आकडा त्यांची हकीकत सांगत नाही. पण शुद्ध रेसर्पिनची रोजची मात्रा पाव मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि जास्त झालं तर मन खचतं. इतक्या बारीक अंतरावर चिमटीचा अंदाज चालवायचा कसा? चवीवर विसंबावं, तर कडू चव सर्पगंधेच्या भाऊबंद वनस्पतींच्या भेसळीलाही असते.