गुलाबाची कळी का जळते?

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापासून ग्रंथालयापर्यंत गुलाबाची 32 झाडे आहेत, हे गेल्या दिवाळीपर्यंत कोणाच्या ध्यानात असण्याचे कारण नव्हते. त्यांना फुले येतच नव्हती. 'कमवा आणि शिका' योजनेत ती माझ्याकडे आली. ऑक्टोबरात छाटणी केली, पालवी फुटली, कळ्याही धरल्या. परंतु कळी टपोरी होण्याआधीच तिच्या कडा तपकिरी पडत आणि ती तशीच वाळून जाई. स्नेहसंमेलनापूर्वी झाडे उपटून तेथे क्रोटन लावावेत, अशी बोलणी सुरू झाली. झाडे गेली की माझे कामाचे तासही जाणार, आणि खानावळीचे पैसे तर त्यातूनच निघत होते.

प्रथम आम्ही खत कमी पडते असे समजून युरिया दिला. ही चूकच झाली. नत्र जास्त झाले की शेंडे कोवळे, रसाळ होतात व त्यांवर मावा येतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते, त्यामुळे बघता बघता शेंडे भरून गेले. त्याच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलून लावतात. पण मावा उघड्यावर बसणारा; पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन निघाला. कळ्या मात्र जळतच राहिल्या.

सुट्टीत एक कळी कागदात गुंडाळून घरी नेली. आई शाळेत गेलेली नाही, पण तिचा जन्म मिरचीच्या रानात गेला. तिने कळी कागदावर झटकली. धाग्याच्या तुकड्यासारखे पिवळसर जीव पळू लागले. "हा तर आपल्या मिरचीवरचाच चुरडा-मुरडा रं!" ती म्हणाली. पुढे ग्रंथालयातील पुस्तकात पाहिले, तर तिचे म्हणणे खरे निघाले. मिरचीची पाने आकसविणाऱ्या फुलकिड्यांची जात गुलाबावरही येते. जेमतेम 1 मिलिमीटरचा हा किडा कळीच्या घडीत शिरून पाकळ्या खरवडतो व रस शोषतो. वरून मारलेले औषध तेथे पोचत नाही. शिवाय त्याचे कोष पुष्कळदा बुडातील माती-पाचोळ्यात असतात. म्हणून आधी जळक्या कळ्या खुडून जाळल्या, पाचोळा काढला, माती हलवली, फवारणी त्यानंतर.

माळीकाकांना एंडोसल्फानची आठवण झाली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बंदी घातली आहे, आणि ज्या कट्ट्यावर आपण डबे खातो त्याच्याशेजारी विष फवारणे मला तरी पटले नसते. आईने मिरचीसाठी सुकवून ठेवलेल्या निंबोळ्या दिल्या. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम भरड फडक्यात बांधून रात्रभर भिजवावी, सकाळी पिळून गाळावी, थोडा साबणाचा चुरा मिसळावा. फवारणी त्याच दिवशी, पण संध्याकाळी करावी. उन्हात अर्काचा गुण लवकर उतरतो. निंबोळीने कीड पटकन मरत नाही, तिचे खाणे व वाढ खुंटते. तेव्हा दर आठवड्यास फवारावे लागते, आणि माणसे दुसऱ्या आठवड्यातच कंटाळतात.

(उन्हाळ्यात पानामागे जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नव्हेच; उपद्रव मात्र कमी नाही.)

जानेवारीत 32 पैकी 23 झाडांना निर्मळ फुले आली. क्रोटनचा विषय निघाला नाही. उरलेल्यांच्या जुन्या फांद्यांवर खवले कीड चिकटून आहे. येत्या रविवारी साबणाचे पाणी व जुना दातांचा ब्रश घेऊन बसणार आहे.