भाडं फक्त एक झेंडा! चर्चिलच्या वडिलोपार्जित महालाचे भन्नाट किस्से

इंग्लंडमधल्या एका आलिशान महालाचं वर्षाचं भाडं किती, माहीत आहे का? एक झेंडा. बस्स!

पत्ता लिहून घ्या: ब्लेनम पॅलेस, वुडस्टॉक, ऑक्सफर्डशायर. विन्स्टन चर्चिलच्या घराण्याचं हे घर. भारताच्या स्वातंत्र्याला कडाडून विरोध करणाऱ्या या माणसाचं नाव निघालं की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि ती रास्तच आहे. पण या घराचा खरा हीरो विन्स्टन नव्हेच. इथल्या हिरॉइन्सना भेटा!

बक्षीस असावं तर असं

१३ ऑगस्ट १७०४. डॅन्यूबकाठच्या ब्लेनमच्या लढाईत मार्लबरोचा पहिला ड्यूक जॉन चर्चिल याने फ्रेंच-बव्हेरियन फौजेचा धुव्वा उडवला. ॲन राणी बेहद्द खूश! वुडस्टॉकची जहागीर दिली, वर महाल बांधायला पैशांचा शब्दही दिला. बदल्यात दरवर्षी लढाईच्या वाढदिवशी फ्रेंच राजाच्या लिलीच्या फुलांचा झेंडा विंडसरला पोहोचवायचा. तीनशे वर्षं उलटली, भाडं अजून चालू!

आर्किटेक्ट की नाटककार?

दोन्ही! ड्यूकची बायको सेरा हिला हवे होते सेंट पॉल कॅथीड्रलवाले ख्रिस्तोफर रेन. ड्यूकने निवडला जॉन व्हॅनब्रा, म्हणजे चक्क नाटकं लिहिणारा माणूस. मग काय, घरात ड्रामा आलाच! खर्चावरून सेरा आणि व्हॅनब्राचे इतके खटके उडाले की १७१६ मध्ये व्हॅनब्राने काम सोडलं. १७२५ मध्ये तो बायकोला घेऊन आपलीच कलाकृती बघायला आला, तर सेराचा हुकूम: आत पाऊल टाकायचं नाही!

राणीशी कट्टी, बांधकामाला सुट्टी

सेरा आणि राणी एकेकाळच्या जिवलग मैत्रिणी. मग बिनसलं. १७११ मध्ये सेराची दरबारातली पदं गेली, १७१२ मध्ये सरकारी पैसा आटला आणि काम ठप्प. १७२२ मध्ये ड्यूक वारला तेव्हाही महाल अपुराच. तो पुरा करून दाखवला कोणी? सेराने!

डायना कनेक्शन

ड्यूकला वारस मुलगा उरला नव्हता. मग खास कायदा झाला आणि किताब मिळाला थोरल्या मुलीला, हेन्रिएटाला. तिच्यानंतर तो गेला बहीण ॲनच्या स्पेन्सर मुलाकडे. याच मुलाच्या भावाच्या वंशात पुढे जन्मली प्रिन्सेस डायना. म्हणजे चर्चिल आणि डायना, दोघंही सेराचीच पिलावळ!

बाळाची घाई

३० नोव्हेंबर १८७४. विन्स्टनची अमेरिकन आई जेनी शिकारीच्या पार्टीबरोबर फिरताना पडली होती, त्यात घोडागाडीचे धक्के बसले होते आणि बाळ वेळेआधीच हजर! कुठे? तळमजल्यावरच्या एका साध्याशा खोलीत. त्या खोलीत बाळाचं अंगडं आणि कुरळ्या बटा मांडून ठेवल्या आहेत.

डॉलर आले धावून

१८९५ मध्ये नवव्या ड्यूकने न्यूयॉर्कच्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टशी लग्न केलं. हुंडा? पंचवीस लाख डॉलरचे रेल्वे शेअर्स! घराण्याच्या तिजोरीची गाडी रुळावर आली. पण कॉन्सुएलोचं मन दुसरीकडे होतं, आईने सक्तीने बोहल्यावर चढवलं. महालाच्या झगमगाटात हे दुःख विसरून चालणार नाही. १८९७ मध्ये तिला मुलगा झाला आणि तोवर वारसदार असलेल्या विन्स्टनची ड्यूक होण्याची संधी हुकली. गादी मिळाली असती, तर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसलेला हा माणूस पंतप्रधान झाला असता का? करा विचार!



  

किड्याशी शर्यत

ऑगस्ट १९०८. ब्लेनमच्या बागेत पाऊस आला. विन्स्टन आणि त्याची होणारी बायको क्लेमेंटाइन डायनादेवीच्या छोट्या मंदिरात शिरले. हा पठ्ठ्या लग्नाचं बोलेचना! क्लेमेंटाइनची नजर जमिनीवरून रांगणाऱ्या एका किड्यावर. तो फटीपर्यंत पोहोचला आणि हा गप्पच राहिला, तर विषय संपला! विन्स्टन वेळेत बोलला. त्याच वर्षी लग्न.

छतावरून कोण बघतंय?

दारावरच्या मंडपात मान वर करा. छतावर टक लावून बघणारे मोठ्ठे डोळे! त्यातले निळे डोळे नवव्या ड्यूकच्या दुसऱ्या बायकोचे, ग्लॅडिसचे. १९२८ मध्ये रंगवलेले. नजर लागेल, पण हटणार नाही.

सोनं वाहून गेलं

सप्टेंबर २०१९. मौरित्सिओ कातेलानचं १८ कॅरेट सोन्याचं, खरोखर वापरता येणारं टॉयलेट प्रदर्शनात लागलं, तेही विन्स्टनच्या जन्मखोलीजवळ. दोनच दिवसांत चोरांनी पाच मिनिटांच्या आत ते उखडून नेलं. पाइप तुटले, महालात पाणीच पाणी. काही चोर सापडले, सोनं नाही!

तर मग, टाळ्या कुणाला?

१९८७ पासून ब्लेनम युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. लढाई जिंकली ड्यूकने. पण दगडावर दगड चढवून घेतला सेराने, गळकी तिजोरी भरली कॉन्सुएलोच्या हुंड्याने. कधी वुडस्टॉकला गेलात, तर गाइडला विन्स्टनआधी सेराची गोष्ट विचारा. पहिला मान तिचाच!