तिकिटावर साडेसहा तास, शरीराला सोळा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते आणि आई-बाबांचे तिकीट येते. मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीडला विमान, न्यूयॉर्कला त्याच सकाळी आठला. म्हणजे साडेसहा तासच? नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. ते मिळवले की खरा प्रवास निघतो सोळा तासांचा. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो.

या दोन विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्याने हा जवळचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो. प्रत्यक्षात वारा, हवामान आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, यावर मार्ग ठरतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा तास-दोन तासांनी कमी होतो.

शरीर मात्र किलोमीटर मोजत नाही, बसलेले तास मोजते. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की रक्त साचते आणि खोल शिरेत गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007च्या अहवालानुसार, चार तास किंवा अधिक प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो साधारण सहा हजारांत एकालाच, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि पूर्वी गुठळी झालेल्यांनी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

बाकीच्यांसाठी उपाय साधे आहेत. जागे असताना तासा-दोन तासांनी उठून फेरी मारा. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचला. केबिनमधली हवा फार कोरडी असते. सारखे स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून अनेक आजी-आजोबा पाणीच टाळतात. तसे करू नका, त्या निमित्ताने उठणे होते. पायाशी सामान कोंबू नका. औषधे हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसच्या वेळा आधीच लिहून घ्याव्यात, कारण पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो.

पोहोचल्यावर झोपेचे गणित बिघडते. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकते, त्यामुळे पहिला आठवडा जड जातो. तिथल्या वेळेनुसार जेवा आणि दिवसा उजेडात फिरा.

आणि एक लक्षात ठेवा. गुठळीचा धोका उतरल्यावर लगेच संपत नाही, काही आठवडे राहतो. एकच पाय सुजला, दुखू लागला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठा.