नौकेचा पत्रा : अॅल्युमिनियमची पारख

अॅल्युमिनियम ह्या धातूशीं आपल्या घरांतील माणसांचा परिचय प्रथम स्वयंपाकघरांत झाला. तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई लावून घेण्याची यातायात ज्या पिढीनें केली, तिनें ह्या हलक्या, पांढऱ्या भांड्यांस 'जर्मन' असें नांव दिलें. आणि चिंचेचें सार किंवा लोणचें जर्मनच्या भांड्यांत ठेवूं नये, हा नियम घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांनीं रसायनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाचें साहाय्य न घेतां घालून दिला. मीठ आणि आंबट ह्या धातूस खातें, हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. असें असतां ह्याच धातूच्या नौका खाऱ्या समुद्रांत वर्षानुवर्षें संचार करितात, आणि त्यांच्या बाजूंना पुष्कळदां रंगही दिलेला नसतो, असें सांगितलें तर ऐकणारास तें खरें वाटणार नाहीं. परंतु तें खरें आहे. मात्र तो पत्रा पातेल्याचा पत्रा नव्हे, आणि तो निवडतांना झालेली चूक पातेल्यास भोंक पडण्यावर भागत नाहीं.

अॅल्युमिनियमचें बळ त्याच्या पृष्ठभागावरील एका अतिसूक्ष्म कवचांत आहे. हवेचा स्पर्श होतांच ह्या धातूवर ऑक्साइडाचा थर धरतो. तो इतका पातळ असतो कीं डोळ्यांस दिसत नाहीं, आणि इतका घट्ट कीं पाण्यास आंत शिरूं देत नाहीं. पत्रा खरवडला गेला तरी क्षणार्धांत नवें कवच तयार होतें. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनीं सुटून पडतो व खालचें लोखंड उघडें करितो; येथें गंजच रखवालदार होतो. म्हणून योग्य मिश्रधातूस समुद्राच्या पाण्याचें भय फारसें नाहीं. त्यास भय आहे तें दोन गोष्टींचें : वाईट संगतीचें आणि उष्णतेचें.

संगतीचा दोष जगास फार लवकर कळून आला. १८९५ सालीं 'अमेरिका चषक' ह्या शर्यतीसाठीं नॅथॅनिएल हेरेशॉफ ह्या विख्यात अमेरिकन नौकाशिल्पज्ञानें 'डिफेंडर' नांवाची शिडाची नौका बांधिली. तिचा पाण्याखालचा भाग कांशाचा, पाण्यावरचा अॅल्युमिनियमचा, व सांगाडा पोलादाचा. वजन वांचलें, आणि इंग्लंडहून आलेल्या 'व्हाल्किरी तिसरी' हिच्यावर तिनें जय मिळविला. पण खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु एकमेकांस चिकटून राहिले कीं त्यांचा विद्युत्घट बनतो, आणि त्यांतील एक धातु झिजून दुसऱ्याचें रक्षण करितो. शाळेंत तांब्याची व जस्ताची पट्टी सौम्य आम्लांत बुडवून जो घट आम्ही मुलांस दाखवीत होतों, तोच ह्या नौकेच्या रूपानें समुद्रावर तरंगत होता. जस्ताची जागा अॅल्युमिनियमनें घेतली होती एवढेंच. १९०१ सालीं, म्हणजे अवघ्या सहा वर्षांत, ती मोडीत काढावी लागली.

आतां निवडीकडे वळूं. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंस चार आंकडी क्रमांक असतात, व त्यांतील पहिला आंकडा गोत्रासारखा समजावा. २ ह्या गोत्राचे धातु तांबें मिसळलेले. १९०६ सालीं जर्मनींत आल्फ्रेड विल्म ह्यानें शोधिलेलें ड्युरॅल्युमिन ह्याच कुळांतील, आणि विमानविद्येचें वैभव पुष्कळ अंशीं त्यावर उभें आहे. ७ ह्या गोत्रांत जस्त मुख्य; त्यांतील ७०७५ हा जातिवंत प्रकार दर चौरस मिलिमीटरास सुमारें ५०० न्यूटन भार वांकल्यावांचून सोसतो. केवळ आंकडे पाहून खरेदी करणारा मनुष्य ह्यांवर लुब्ध होईल. पण एकांत शत्रु घरांतच वाढलेला आहे आणि दुसरा साधारण वेल्डिंगास वश होत नाहीं. नौकेच्या तळास दोघेही निरुपयोगी. राहिलीं दोन गोत्रें : ५, ज्यांत मॅग्नेशियम मिसळतात, आणि ६, ज्यांत मॅग्नेशियमच्या जोडीस सिलिकन असतें. नौकेचे पत्रे पांचाचे व सांच्यांतून ओढून काढिलेल्या पट्ट्या आणि कोन सहाचे, अशी वांटणी रूढ आहे. तिचें कारण मोठें मनोरंजक आहे.

६०६१ ह्या धातूस भट्टींत उष्णता देऊन बळ आणिलेलें असतें. त्याची ताणशक्ति दर चौरस मिलिमीटरास २९० न्यूटन. ५०८३ ची ३०५. कागदावर दोघे जवळजवळ बरोबरीचे. पण नौका वेल्डिंगनें जोडावयाची असते, आणि वेल्डिंगची आंच लागतांच भट्टीनें दिलेलें बळ ६०६१ मधून निघून जातें. सांध्याजवळ तो सुमारें १६५ वर येतो. ५०८३ चें बळ मुख्यतः अंगभूत मॅग्नेशियमचें आहे, थोडेंच लाटण्यानें आलेलें आहे. आंच लागल्यावर त्यास वांकविणें सोपें होतें खरें, पण ताणशक्ति २७५ च्या खालीं सहसा जात नाहीं. सारांश, पत्रा विकत घेतेवेळीं किती बळकट आहे ह्यापेक्षां जोडल्यावर किती बळकट राहतो, हा प्रश्न विचारावयाचा.

५०८३ मध्यें शेंकडा ४ ते ४.९ मॅग्नेशियम असतें; ५०८६ मध्यें थोडें कमी; ५०५२ मध्यें २.२ ते २.८. मॅग्नेशियम वाढेल तसें बळ वाढतें. मग तें वाढवीत कां जाऊं नये? येथें दुसरा शत्रु, उष्णता, पुढें येते. शेंकडा ३ पेक्षां अधिक मॅग्नेशियम असलेला पत्रा दीर्घकाळ ६५ अंशांहून अधिक तापत राहिला, तर आंत विरघळलेलें मॅग्नेशियम हळूहळू बाहेर पडून धातूच्या कणाकणांमधील सीमांवर साठतें. भिंतींतल्या विटा शाबूत, पण दरजांतला चुना पाण्यांत विरघळणारा, अशी पत्र्याची स्थिति होते. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. खारें पाणी त्या दरजांत शिरतें, आणि ताण पडतांच भेग जाते.

ही नुसती पुस्तकी भीति नव्हे. अमेरिकन आरमाराच्या 'टायकोंडेरोगा' वर्गाच्या २७ क्रूझर नौका १९८३ पासून सेवेंत आल्या. त्यांचा डेकावरील भाग ५४५६ ह्या, शेंकडा ५ च्या आसपास मॅग्नेशियम असलेल्या धातूचा होता. वर्षानुवर्षें उन्हांत तापून ह्या भागांस भेगा पडूं लागल्या; साऱ्या वर्गांत मिळून त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. त्याहून शोचनीय प्रकार २००२ च्या सुमारास अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर उघडकीस आला. तेथील कित्येक नौकांच्या ५०८३ च्या प्लेटींस भेगा आढळल्या, आणि त्या उन्हानें नव्हेत. कारखान्यांतून निघतांनाच प्लेटींत हा दोष भरलेला होता. क्रमांक बरोबर, जाडी बरोबर, बळही बरोबर. आणि तरीही पत्रा समुद्रास अयोग्य.

म्हणून चार आंकड्यांपुढें आणखी एक खूण पाहावी लागते. लोहार पोलादास 'पाणी' देतो. अॅल्युमिनियमच्या ह्या गोत्रास पाणी नसतें, थंड असतां लाटण्यानें कठिणपणा येतो, आणि तो किती व कसा आणिला हें त्या खुणेवरून समजतें. 'ओ' म्हणजे पूर्ण मऊ केलेला. समुद्रासाठीं घ्यावयाच्या कठिण पत्र्यावर 'एच ११६' किंवा 'एच ३२१' असें पाहिजे. वर सांगितलेल्या प्रकरणानंतर अमेरिकेंत बी ९२८ हें निराळें मानकच ठरविण्यांत आलें. त्याप्रमाणें पत्र्याचा तुकडा ३० अंश उष्णतेच्या तीव्र नत्राम्लांत चोवीस तास बुडवून ठेवितात व किती झिजला हें तोलून पाहतात. दर चौरस सेंटिमीटरास १५ मिलिग्रॅमपर्यंत झीज झाली तर पत्रा उत्तीर्ण. २५ च्या वर गेली तर अनुत्तीर्ण. मधल्यांची सूक्ष्मदर्शकाखालीं पुन्हां परीक्षा. परीक्षक म्हणून उभा जन्म घालविलेल्या मनुष्यास ही पद्धति मनापासून पसंत पडली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कोंकण किनाऱ्यावर नौका बांधण्याचा लहानसा कारखाना आहे. खाडी ओलांडणाऱ्या एका उतारूंच्या नौकेचें काम त्याजकडे आलें असतां एका व्यापाऱ्यानें बऱ्याच कमी भावांत प्लेटी देऊं केल्या. त्यांवर ५०८३ एवढाच छाप होता. पुढची खूण नाहीं, कारखान्याचा घाण क्रमांक नाहीं, दाखला नाहीं. "५०८३ तें ५०८३च कीं साहेब," असें व्यापाऱ्याचें म्हणणें. त्यानें त्या परत पाठविल्या. मला म्हणाला, "गुरुजी, त्या नौकेंतून रोज शाळेचीं मुलें जाणार. लग्नाआधीं तुम्ही पत्रिका पाहतां ना? मीही पत्रा घेण्याआधीं पत्रिका पाहतों." त्याची ही पत्रिका म्हणजे नौकानिबंधक संस्थेनें मान्य केलेला दाखला. अशा संस्थांपैकीं 'इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग' ही आपल्या मुंबईंतच आहे, १९७५ पासून. दाखल्यावरील क्रमांक व प्लेटीवर छापलेला क्रमांक एकच आहे कीं नाहीं, हें ताडून पाहावयास पांच मिनिटें पुरतात.

इंजिनाच्या खोलींतील किंवा धुराड्याजवळचा जो भाग सतत तापणार, तेथें मात्र ५०८३ चा हट्ट धरूं नये. तेथें ५४५४ किंवा ५०५२ असा कमी मॅग्नेशियमचा पत्रा, जाडी थोडी वाढवून, घ्यावा. आणि डेकास गडद रंग देण्याची हौस आपल्या वैशाखांतल्या उन्हांत आंवरावी हें बरें.

जाडीविषयीं एक भ्रम दूर केला पाहिजे. साधारणतः ६ मिलिमीटरपर्यंत पत्रा व त्यापुढें प्लेट म्हणतात. अॅल्युमिनियमचें वजन पोलादाच्या एकतृतीयांश. म्हणून नौकाही एकतृतीयांश वजनाची होईल असें वाटतें. पण त्याचा ताठपणाही एकतृतीयांशच आहे. तेवढ्याच जाडीचा पत्रा घेतला तर लाटेच्या माऱ्यानें तो थरथरेल व लवेल. यास्तव जाडी वाढवितात, आंतील फांसळ्या जवळ घेतात, आणि अखेर सांगाडा पोलादी सांगाड्याच्या निम्म्याच्या आसपास वजनाचा होतो. तेवढीही बचत वेगवान गस्ती नौकेस वरदानासारखी आहे. आपल्या तटरक्षक दलाच्या वेगवान नौकांत अॅल्युमिनियमच्या कवचाच्या नौका आहेत त्या ह्याचमुळें. आगीपुढें मात्र हा धातु दुबळा. १९७५ सालीं 'बेल्कनॅप' ही अमेरिकन क्रूझर नौका 'जॉन एफ. केनेडी' ह्या विमानवाहू नौकेवर आदळून पेटली, तेव्हां तिचा अॅल्युमिनियमचा वरचा भाग वितळून गेला. पुढच्या 'आर्ली बर्क' वर्गाच्या विनाशिकांचा तो भाग अमेरिकनांनीं पोलादाचा केला.

पत्रा उत्तम मिळाला तरी संगतीचा प्रश्न नौकेच्या अखेरीपर्यंत सुटत नाहीं. शेवाळ व शिंपले धरूं नयेत म्हणून नौकांच्या तळास लावितात त्या रंगांत बहुधा तांबें असतें. अॅल्युमिनियमच्या तळास तो रंग लावूं नये, त्यासाठीं निराळे मिळतात. पितळी नळ, कांशाचा पंखा, पोलादी खिळे ह्यांच्यामध्यें रबर किंवा तत्सम विद्युत्रोधक अस्तर हवें, आणि झिजण्यासाठींच म्हणून जस्ताच्या पट्ट्या बाहेरून बसवाव्या. तळांत सांचलेल्या पाण्यांत तांब्याचा एखादा पैसा पडून राहिला तर तोही कालांतरानें खालचा पत्रा पोखरतो. ओलें लांकूड, भिजलेला नमदा पत्र्यास चिकटून राहूं देऊं नये. कवचास पुन्हां धरावयास हवा लागते. नव्या प्लेटी येतात त्याही एकावर एक आडव्या रचून ठेवूं नयेत. मधल्या फटींत पावसाचें पाणी अडकून पांढुरके डाग धरतात. उभ्या, मध्यें लांकडी पट्ट्या घालून, छपराखालीं ठेवाव्या. आणि वेल्डिंगपूर्वीं घासावयाचा तारेचा ब्रश गंजरोधक पोलादाचा व नवा असावा, लोखंडावर पूर्वीं चालविलेला नव्हे.