पस्तिशीनंतर माला-एन चालते का?

ताईंनो, लोहा-कंधारकडं असो की अहमदपूर-जळकोटकडं, गटाची बैठक संपून वही मिटली की कुणीतरी हळूच विचारतं, "मॅडम, वय झालं आता, त्या गोळ्या चालतील का?" व्याजाच्या हिशोबाला मोठ्यानं भांडणाऱ्या ताईसुद्धा इथं कुजबुजतात. म्हणून यावेळी लिहूनच देते.

नुसतं वय वाढलं म्हणून गोळी बंद करायची गरज नाही. तब्येत ठणठणीत असेल तर चाळिशीनंतरही ती घेता येते. पण पस्तिशीनंतर वयाच्या जोडीला आणखी काय आहे, ते बघावं लागतं.

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यातल्या 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. या हार्मोनमुळं रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. तरुण, निरोगी बाईला हा धोका फार कमी. पण वय वाढलेलं, त्यात बीपी किंवा बिडी, असं एकावर एक आलं की लकवा आणि हार्ट अटॅकचा धोका वाढत जातो. म्हणून 35 च्या पुढं बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बाईनं ही गोळी घेऊ नये. आपल्याकडं बायका बिडी कमी ओढतात, मिश्री मात्र घरोघरी. हा नियम धुराचा आहे, तरी मिश्री, तंबाखू, गुटखा काहीही असेल तर सिस्टरला सांगाच. सासूसमोर लाज वाटत असेल तर एकट्या जा, पण लपवू नका.

बीपी 140/90 किंवा त्याच्या वर असेल तर कोणत्याही वयात ही गोळी नको. बीपी वाढलेलं कळतही नाही, त्यामुळं उपकेंद्रात मोजून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं, अशी अर्धशिशी असेल तरी नको. साधी अर्धशिशी असेल तर पस्तिशीनंतर नको. आधी लकवा, हृदयविकार, पायात गुठळी, स्तनाचा कॅन्सर किंवा लिव्हरचा आजार झालेला असेल, जुनी शुगर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीट फोडू नका. सहा महिन्यांच्या आतलं लेकरू अंगावर पीत असेल तरी थांबा.

मग काय घ्यायचं? सरकारी केंद्रात 'छाया' मिळते. तिच्यात हे हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढं आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. कॉपर-टी आहेच. कोणती आपल्याला बसेल ते सिस्टर तपासून सांगतील. जावेच्या पाकिटातली गोळी घेणं तेवढं सोडा.

आणि हो, महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढं ढकलायला मेडिकलवरून आणतात ती गोळी वेगळी. दिवस राहू नयेत म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नका.

चाळिशी उलटली की "आता कुठं दिवस राहतात" म्हणून काही जणी सगळंच सोडतात. राहतात. माला-एन चालू असताना दर महिन्याला रक्तस्राव होतो, त्यामुळं खरी पाळी गेली का हे त्यावरून कळत नाही. पन्नाशीजवळ आलात की गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा.

गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक धुरकट दिसलं किंवा डोकं कधी नव्हे इतकं दुखलं, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.